एआरटीवरची वर्षे आणि हातातले रिपोर्ट : कोणता आकडा काय सांगतो?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी एचआयव्हीसाठी सरकारी एआरटी केंद्रातून औषधे घेणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारे उपचार. औषध सुरू झाले तेव्हा स्टॅव्युडिनचा काळ होता. त्यानंतर झिडोव्हुडिन आले, मग टेनोफोव्हिर आणि इफाव्हिरेंझ असलेली गोळी आली, आणि आता बहुतेकांप्रमाणे मीही टीएलडीवर, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांच्या रोजच्या एका गोळीवर आहे. या सगळ्या काळातले रिपोर्ट मी तारखेप्रमाणे एका फाइलीत लावून ठेवले आहेत. ती फाइल चाळताना जे लक्षात आले ते मांडावे आणि एक शंकाही विचारावी, म्हणून हा धागा काढत आहे.

केंद्रातल्या बाकावर बसलेली माणसे एकमेकांना "सीडी४ किती आला?" असेच विचारतात, व्हायरल लोड किती आला हे क्वचितच कोणी विचारते. (सीडी४ म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या, व्हायरल लोड म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण.) या सवयीला कारण आहे. १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हापासून २०१७ पर्यंत औषध कोणाला सुरू करायचे हे प्रामुख्याने सीडी४ वर ठरत असे, आणि ती मर्यादा २०० पासून टप्प्याटप्प्याने ३५० व पुढे ५०० पर्यंत वर सरकत गेली. २०१७ मध्ये निदान झाले की लगेच उपचार हे धोरण आले. व्हायरल लोड मात्र पूर्वी औषध निकामी होत असल्याचा संशय आला तरच करत. ती तपासणी सगळ्यांसाठी नियमित होऊ लागली ती २०१८ नंतर. त्यामुळे आमच्या पिढीच्या मनात सीडी४ हाच मुख्य रिपोर्ट ठसून बसला आहे, आणि माझ्या मते अनेक वर्षे औषध घेतलेल्या माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा.

औषध काम करते आहे का, या प्रश्नाचे थेट उत्तर फक्त व्हायरल लोड देतो. एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत याचा तो आकडा असतो. आपल्याकडे उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर वर्षातून एकदा ही तपासणी होते. १,००० च्या खाली असेल तर विषाणू दबलेला आहे असे कार्यक्रमाच्या दृष्टीने मानले जाते. याचा अर्थ ९०० आला तर निश्चिंत राहावे असा नाही. सातत्याने औषध घेणाऱ्याचा आकडा बहुधा यंत्राला मोजताच येऊ नये इतका खाली जातो, आणि तो तसा नसेल तर गोळ्या चुकत आहेत का हे आधी पाहावे व तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

रिपोर्टवर पुष्कळदा आकड्याशेजारी 'लॉग' लिहिलेला असतो. १,००० म्हणजे ३ लॉग, १०,००० म्हणजे ४ आणि १,००,००० म्हणजे ५. दोन रिपोर्टमधला फरक अर्ध्या लॉगहून, म्हणजे साधारण तिपटीहून कमी असेल तर तो तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारातही बसू शकतो.

सीडी४ तर याहूनही चंचल आहे. तो सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. सर्दी-ताप, मोठे दुखणे, स्टेरॉइडचा कोर्स यांनी खाली येतो. माझाच आकडा एका वेळी ६१२ होता आणि पुढच्या वेळी ४८८ आला, व्हायरल लोड मात्र दोन्ही वेळा न सापडण्याइतका होता. साधारण ३० टक्क्यांच्या आतला फरक एका रिपोर्टवरून घसरण मानत नाहीत, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर काही रात्रींची झोप वाचली असती. आता तर व्हायरल लोड दबलेला आणि सीडी४ ३५० च्या वर असेल तर केंद्रात तो दर सहा महिन्यांनी करतही नाहीत. "आमचा सीडी४ बंद केला, आमच्याकडे दुर्लक्ष होते आहे," अशी कुरकूर बाकावर ऐकू येते. वास्तविक ती प्रकृती चांगली असल्याची पावती आहे.

आता माझी शंका. टीएलडी सुरू होण्याआधी माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे पाहायला रक्तात मोजतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ होते, ते सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये १.१ आले आणि तेव्हापासून तिथेच आहे. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसते, तरीही टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला त्रास देते हे ऐकून असल्यामुळे मन स्वस्थ नाही. जाणकारांनी लिहावे.

परखनळी

कृष्णाकाठ, उत्तम धागा. मी रेणवीय तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते, म्हणून व्हायरल लोडविषयी थोडी भर घालते.

प्रत्येक यंत्राची मोजण्याची एक खालची मर्यादा असते. कुठे ती २० असते, कुठे ४०, तर नमुना कमी घेऊन केलेल्या तपासणीत त्याहून बरीच वरही असते. त्यामुळे मागच्या वर्षी '४० पेक्षा कमी' आणि या वर्षी '२८' असे आले तर विषाणू वाढला असे म्हणता येत नाही, कारण मागच्या वर्षीच्या यंत्राला २८ हा आकडा दाखवताच आला नसता. शिवाय '४० पेक्षा कमी' आणि 'लक्ष्य आढळले नाही' हे दोन वेगळे शेरे आहेत. पहिल्यात विषाणूचा मागमूस लागलेला असतो पण मोजण्याइतका नसतो, दुसऱ्यात तोही लागलेला नसतो. उपचाराच्या दृष्टीने दोन्ही चांगलेच आहेत, आणि एका वर्षी दुसरा शेरा व पुढच्या वर्षी पहिला असे आले तर घाबरण्यासारखे काही नसते.

कधीकधी आयुष्यभर शिस्तीने गोळ्या घेणाऱ्याचाही आकडा एकदम ६० किंवा १३० येतो आणि पुढच्या तपासणीत पुन्हा नाहीसा होतो. अशी एखादी उसळी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. लागोपाठच्या तपासण्यांत २०० च्या वर राहणारा आकडा मात्र तसा नसतो.

आणखी एक गोष्ट रुग्णांना दिसत नाही. रक्त घेतल्यावर ठरावीक तासांत रक्तद्रव वेगळा करून थंड ठेवावा लागतो. लिंक केंद्रावरून, म्हणजे मुख्य एआरटी केंद्राशी जोडलेल्या लहान केंद्रावरून, निघालेला नमुना वाटेत तापला, गोठला किंवा गुठळी होऊन आला तर आम्ही तो नाकारतो, आणि मग "पुन्हा रक्त द्यायला या" असा फोन जातो. त्या फोनचा अर्थ रिपोर्ट वाईट आला असा लोक घेतात आणि काही जण भीतीने येतच नाहीत. कृपया या.

तापमापी

मी या क्षेत्रात काम करणारा डॉक्टर आहे. कोणालाही न पाहता औषध बदलण्याचा सल्ला मी इथे देणार नाही, पण क्रिएटिनिनचा खुलासा करता येईल.

क्रिएटिनिन शरीराबाहेर दोन वाटांनी जाते. बहुतेक भाग मूत्रपिंडाच्या गाळणीतून जातो आणि थोडा भाग मूत्रनलिकांच्या पेशी रक्तातून उचलून लघवीत टाकतात. डोल्युटेग्राव्हिर ही दुसरी वाट अंशतः अडवते. गाळणी पूर्वीइतकीच चालू असते, पण रक्तातला आकडा पहिल्या काही आठवड्यांत साधारण ०.१ ते ०.२ ने वाढतो आणि तिथेच थांबतो. कृष्णाकाठ यांचा आकडा नेमका तसाच वागला आहे, आणि 'तेव्हापासून तिथेच आहे' हे त्यांच्या वाक्यातले सर्वांत महत्त्वाचे शब्द आहेत. हळूहळू पण सतत चढत जाणारे क्रिएटिनिन मात्र वेगळी गोष्ट सांगते, कारण टेनोफोव्हिरचा त्रास तसा होतो. त्यात मूत्रनलिका दुखावतात, म्हणून लघवीत प्रथिने येतात, रक्तातली साखर योग्य असतानाही लघवीत साखर दिसते आणि रक्तातले फॉस्फेट उतरते. म्हणजे टीएलडीवरच्या माणसाने लघवीची साधी तपासणी टाळू नये. ती स्वस्त आहे आणि पुष्कळ काही सांगते.

दुसरे, छापील मर्यादेवर विसंबू नका. वय आणि वजन धरून गाळण्याचा वेग काढतात तो असा : १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा; स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. साठ वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन १.० असेल तर रिपोर्टवर कोणतीही खूण येणार नाही, पण हिशेब केला तर वेग ४० च्या आसपास निघतो. ५० च्या खाली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिनच्या मात्रेचा विचार करावा लागतो. आपल्याकडे किडकिडीत, वयस्क बायका पुष्कळ आहेत आणि त्यांचा 'नॉर्मल' रिपोर्ट पाहून फाइल मिटली जाते, हे मला नेहमी खटकते.

एक सूचना : रक्त देण्याच्या आदल्या दिवशी उपास, उन्हातले काम, जुलाब, दुखण्यावरच्या गोळ्या किंवा व्यायामशाळेतली क्रिएटिनची पावडर यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

कृष्णाकाठ

डॉक्टर, मनःपूर्वक आभार. वय ५४, वजन ५८ किलो धरून हिशेब केला. पूर्वीच्या ०.९ ला उत्तर ७७ येते आणि आताच्या १.१ ला ६३. लघवीचा गेल्या महिन्यातला रिपोर्ट फाइलीत होताच; त्यात प्रथिने नाहीत आणि साखरही नाही. हा रिपोर्ट माझ्याकडे असूनही तो कशासाठी केला हे ठाऊक नव्हते.

रानजाई

मी दुसऱ्या फळीच्या औषधांवर, म्हणजे पहिली औषधे निकामी झाल्यावर देतात त्यांवर आहे, म्हणून माझ्या रिपोर्टमधल्या विचित्र खुणा तुमच्यापेक्षा वेगळ्या आहेत आणि त्या इथे नोंदवलेल्या बऱ्या.

झिडोव्हुडिनवर असताना माझ्या रक्ताच्या तपासणीत तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ११२ आला. गावातल्या डॉक्टरांना मी एचआयव्हीविषयी सांगितलेले नव्हते. त्यांनी बी-१२ कमी असणार असे गृहीत धरून इंजेक्शने सुरू केली. केंद्रातल्या मॅडमनी मात्र तो आकडा पाहून समाधानाने मान हलवली, कारण झिडोव्हुडिन नियमित घेणाऱ्याच्या पेशी मोठ्या होतातच. उलट एमसीव्ही वाढला नाही तर गोळ्या पोटात जात आहेत का असे त्या विचारत. त्या औषधात खरे लक्ष ठेवायचे असते ते हिमोग्लोबिनवर.

पुढे अटाझानाव्हिर सुरू झाले आणि डोळे पिवळे झाले. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळा घटक, ३.२ आले. शेजारणींनी कावीळ म्हणून झाडपाल्याचे औषध आणून दिले. केंद्रात सांगितले की या औषधाने अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढते, यकृताच्या एसजीपीटी वगैरे बाकीच्या चाचण्या ठीक असतील तर ती कावीळ नव्हे. पण औषधावर असताना पिवळेपणाबरोबर उलट्या, पोटदुखी, गडद लघवी असेल तर केंद्र गाठावेच.

आणि बायकांसाठी एक : सीडी४ आणि व्हायरल लोड यांच्या गडबडीत गर्भाशयमुखाची तपासणी राहून जाते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी वयाच्या पंचविशीपासून ती ठरावीक वर्षांनी करून घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ती करू या का, असे मला आपणहून कोणी विचारले नव्हते; मीच विचारली.

सह्यवारा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा व्हायरल लोड सलग काही वर्षे 'आढळला नाही' असा येतो. पत्नी निगेटिव्ह आहे. ती विचारते, की आढळत नाही म्हणजे बरे झाले का, आणि तसे असेल तर साधी एचआयव्ही तपासणी पुन्हा करून पाहू. शिवाय संसर्गाचे काय?

तापमापी

सह्यवारा, साधी तपासणी विषाणूला शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांना शोधते, आणि ती प्रतिपिंडे राहतातच. त्यामुळे ती पॉझिटिव्ह येईल आणि तुम्ही दोघे उगाच खचाल. विषाणू रक्तात आढळत नाही, पण काही पेशींच्या जनुकांत तो निद्रिस्त राहतो. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत व्हायरल लोड पुन्हा वर येतो.

संसर्गाविषयी मात्र बातमी निखळ चांगली आहे. युरोपात झालेल्या पार्टनर या अभ्यासात एक जोडीदार पॉझिटिव्ह व दुसरा निगेटिव्ह अशी जोडपी होती आणि पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड २०० च्या खाली होता. २०१६ आणि २०१९ अशा दोन टप्प्यांत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, कंडोम न वापरता झालेल्या हजारो संबंधांनंतरही, जोडीदाराकडून जोडीदाराला संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच स्पष्ट शब्दांत मांडले : विषाणू आढळत नसेल आणि औषध चालू असेल तर लैंगिक जोडीदाराला संसर्गाचा धोका शून्य. ही हमी स्तनपानाला आणि सुई वाटून घेण्याला तशीच लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. पत्नीला समुपदेशनाला बरोबर घेऊन जा; हे वाक्य केंद्रातल्या माणसाच्या तोंडून ऐकणे तिला जास्त उपयोगी पडेल.

थेम्सकर

मी लंडनमध्ये आहे. इथेही सीडी४ काही काळ ३५० च्या वर आणि विषाणू दबलेला असेल तर तो नियमित करत नाहीत, त्यामुळे 'सरकारी आहे म्हणून काटकसर करतात' या समजात अर्थ नाही. भारतात सुट्टीवर आलो की घरचे हौसेने खासगी प्रयोगशाळेत साठ-सत्तर चाचण्यांचे पॅकेज करायला लावतात. त्यातून अर्धा डझन ठळक अक्षरातले आकडे निघतात आणि त्यांतल्या एकाचाही माझ्या औषधाशी संबंध नसतो.

नवा_पाऊस

मी इथे बहुधा सर्वांत लहान असेन. मला जन्मापासून आहे. लहानपणापासून औषध घेते, आता पुण्यात वसतिगृहात राहते. आजवर माझा व्हायरल लोड नेहमी खाली होता. या वेळी ४,३०० आला. समुपदेशक ताईंनी सारखे विचारले की गोळी चुकते का, आणि मी खरेच सांगते, चुकत नाही; रोज सकाळी उठल्याबरोबर घेते. आता दर महिन्याला बोलावले आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. औषध निकामी झाले असेल का?

रानजाई

बाळा, आधी शांत हो. टीएलडी घेतेस ना? त्याबरोबर सकाळी आणखी काही घेतेस का? हिमोग्लोबिनच्या गोळ्या, कॅल्शियम, पित्ताचे औषध?

नवा_पाऊस

हो ताई. हिमोग्लोबिन ९ आले होते म्हणून वसतिगृहाच्या डॉक्टरांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली आहे. विसरायला नको म्हणून तिन्ही एकदमच घेते, उपाशी पोटी. त्यांना मी टीएलडीचे सांगितलेले नाही.

तापमापी

रानजाईंनी नेमका प्रश्न विचारला. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त हे धातू आतड्यात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि ते पुरेसे शोषले जात नाही. म्हणजे गोळी रोज घेतली जाते आणि तरी रक्तात औषध कमी पडते. टीएलडी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह किंवा कॅल्शियम टीएलडीबरोबरच घ्यायचे असेल तर ते भरल्या पोटी, जेवणाबरोबर घ्यावे. पित्तावरच्या धातुयुक्त औषधांना मात्र ही सवलत नाही, तिथे तासांचे अंतर हवेच. तुझ्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे टीएलडी रात्री झोपताना आणि लोह-कॅल्शियम सकाळी, पण हा बदल समुपदेशक ताईंना सांगून कर आणि गोळ्यांच्या पट्ट्या त्यांना दाखव.

औषध निकामी झाले असे एका रिपोर्टवरून कोणी म्हणणार नाही. डोल्युटेग्राव्हिरला विषाणू सहजासहजी चकवू शकत नाही; अशक्य मात्र नाही, म्हणून तीन महिन्यांनंतरची तपासणी चुकवू नकोस. ती १,००० च्या खाली आली तर आहे तेच औषध चालू राहील. वर राहिली तर केंद्र तुझे कागद राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवेल आणि पुढचे औषध तिथे ठरेल.

वसतिगृहाच्या डॉक्टरांना सांगायचे की नाही हा तुझा निर्णय आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुझ्या संमतीशिवाय ही माहिती इतर कोणाला देता येत नाही. सांगायचे नसेल तर त्यांनी लिहून दिलेले प्रत्येक औषध सुरू करण्यापूर्वी केंद्रात विचार, किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर फोन कर.

सह्यवारा

यावरून आठवले, मला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, तेही पोटात अडते का?

तापमापी

अडत नाही, तिथे उलट होते. क्रिएटिनिनची जी वाट डोल्युटेग्राव्हिर अडवते तीच मेटफॉर्मिनचीही आहे, त्यामुळे त्याचे रक्तातले प्रमाण वाढते. दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. तुमची मात्रा त्याहून जास्त असेल तर स्वतः कमी करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना टीएलडीची बाटली दाखवा. आणि वजनही नोंदवत चला; डोल्युटेग्राव्हिरवर ते काहींचे बरेच वाढते, मग उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल हे दोन रिपोर्ट तुमच्या वयात व्हायरल लोडइतकेच पाहण्यासारखे होतात.